भिंतीवरून झेलाझेली

झुलेवालीने पोरांना सगळ्यात आधी पडायला शिकवलं. चेंडू नाही, दोर नाही. फाटक्या गाद्यांवर अंग सैल सोडून पडायचं, खांद्यावरून लोळण घ्यायची आणि उठायचं. लांब कुठे टायर फुटला तरी टेबलाखाली शिरणारी ती पोरं. मावशीला वेड लागलंय, असंच त्यांना वाटलं.

"दात काय काढता?" ती म्हणाली. "या गावात पाडणारे पुष्कळ आहेत. उठायला शिकवणारी मी एकटीच."

तिची अख्खी जवानी सर्कशीत गेली होती. उंच झुल्यावरून ती स्वतःला हवेत झोकून द्यायची आणि समोरच्या झुल्यावर उलटा लोंबकळणारा तिचा नवरा तिला झेलायचा. त्याच्या हातून ती कधी सुटली नाही. मग लढाई पेटली, सर्कस मोडली, आणि पाण्याच्या रांगेत उभा असताना नवरा गोळी लागून गेला. गोळी पलीकडच्या वस्तीतून आली होती. तरी लढाई थांबल्यावर तिने खुर्च्यांच्या बंद कारखान्याची शेड झाडूनपुसून घेतली आणि दोन्ही वस्त्यांतल्या पोरांना बोलावलं. शेड अगदी मधल्या रस्त्याला लागून होती, त्यामुळे कुणालाच लांब पडायची नाही.

सुरुवातीला अलीकडची पोरं एका कोपऱ्यात आणि पलीकडची दुसऱ्या कोपऱ्यात बसायची. झुलेवालीने त्यांना उपदेश केला नाही. कारखान्यात पडून राहिलेले खुर्च्यांचे पाय तासून तिने झेलायचे दांडके केले आणि जोड्या लावल्या. अलीकडच्या रेडिओसमोर पलीकडचा बांबू उभा राहिला. रेडिओ म्हणजे एका सुताराची मुलगी. तिच्या तोंडाचा पट्टा झोपेतसुद्धा थांबत नाही, असं तिची आईच सांगायची. बांबू नावाप्रमाणे लांबलचक आणि जेमतेम हूं की चूं करणारा. पहिल्याच दिवशी रेडिओने त्याच्या कपाळावर टेंगूळ आणलं.

"मुद्दाम मारलास!" पलीकडची पोरं उठून उभी राहिली.

"मुद्दाम मारता आलं असतं तर मी इथे शिकायला कशाला आले असते?" रेडिओ म्हणाली, आणि सगळ्यांत आधी बांबूच हसला.

तिथून गाडी रुळावर आली. हळूहळू ती दोघं समोरासमोर उभी राहून भराभर दांडके फेकू-झेलू लागली. पाठोपाठ झुलेवालीने मोठ्या मुलांना पायाला लाकडी पाय बांधून उंच चालायला शिकवलं. गुडघ्यांना पट्टे आवळून पोरं शेडभर हिंडायची आणि छताखालच्या कबुतरांना सळो की पळो करून सोडायची. घरी सरावासाठी ज्याने त्याने आपापले पाय नेले तरी ती हरकत घ्यायची नाही.

आणि मग भिंत आली. क्रेनने सिमेंटच्या उंच लाद्या आणून मधल्या रस्त्यावर उभ्या केल्या. पलीकडे जायचं तर परवाना लागायचा, आणि परवाना कुणालाच मिळायचा नाही. अर्धी पोरं तिकडे राहिली. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये रेडिओ एकटीच दांडके मांडीवर घेऊन बसली. झेलायला समोर कुणी नव्हतं.

त्याच दिवशी रेडिओचा बाप तिला न्यायला आला. त्याचा धाकटा भाऊ लढाईत गेला होता.

"बाई, भिंत झाली ते बरंच झालं," तो म्हणाला. "माझी मुलगी त्यांच्या पोराबरोबर खेळते हे माझ्या घशाखाली उतरतच नव्हतं. तुमच्या कसं उतरतं? तुमच्या तर कपाळाचं कुंकू गेलंय."

"नाही उतरत," झुलेवाली म्हणाली. "मलाही राग येतो, भाऊ. सकाळी उठले की पोटभर येतो. मग मी चहा पिते आणि कामाला लागते. पण ज्या लढाईने माझा माणूस नेला, तिनेच माझ्या वर्गाचीही वाटणी करायची? तेवढं मी होऊ देणार नाही."

सुतार मुलीचा हात धरून निघून गेला.

रेडिओ मात्र दुपारी बाप कामावर गेला की परत यायची. झुलेवालीने तिला आणि बाकीच्या मोठ्या मुलांना लाकडी पाय बांधले आणि थेट रस्त्यावर काढलं. भिंतीशी पोचताच रेडिओचं डोकं भिंतीच्या वर निघालं. तिने पलीकडे पाहिलं आणि अशी किंचाळली, की भिंतीलगतच्या चौकीतला हवालदार पाणी पिता पिता ठसकला. पलीकडच्या गल्लीत बांबू आपले लाकडी पाय बांधून एकटाच येरझाऱ्या घालत होता.

"अरे ए! झेल!"

दांडका भिंतीवरून गेला. क्षणभराने परत आला. खाली उभ्या असलेल्या झुलेवालीला नुसतं आभाळात भिरभिरणारं लाकूड दिसत होतं. तिने डोळे पुसले आणि ओरडली, "कोपर आत घे गं! किती वेळा सांगू?"

हवालदार धावत आला. "भिंतीपलीकडे वस्तू टाकायला बंदी आहे!"

"टाकत कुठे आहोत? परत येतेय की," झुलेवाली म्हणाली.

"बाई, मला शब्दांत पकडू नका."

"शब्दांत नाही हो, हातांनी पकडतोय आम्ही."

 हवालदाराने पोरांना खाली उतरवलं, दांडके हिसकावले, बुटाखाली धरून मोडले आणि पोरांनाच आपले लाकडी पाय करवतीने कापायला लावले. रेडिओ रडली नाही. तुकडे ओढणीत बांधून ती घरी गेली आणि बापापुढे ओतून मोकळी झाली. चोरून जात होते, हेही सांगून टाकलं.

सुताराने आधी मुलीला फैलावर घेतलं. मग तुकडे हातात घेऊन न्याहाळले आणि त्याचा चेहरा लालभडक झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडच्या दारात उभा राहिला. खांद्यावर करवत, मागे हातगाडीवर लाकूड.

"गैरसमज नको, बाई. त्या लोकांबद्दल माझं मत आहे तेच आहे. पण माझ्या मुलीवर ओरडायचा हक्क माझा. तिच्या वस्तू बुटाखाली मोडणारा हा कोण टिकोजीराव?" त्याने हातगाडीकडे बोट केलं. "आधीचे पाय आखूड होते. या वेळी पोरं छातीपर्यंत दिसली पाहिजेत."

आठवडाभर शेडमध्ये रंधा चालत होता. पलीकडे निरोप गेला तो रेडिओच्या आवाजावर; त्या आवाजाला भिंत काय अडवणार? मग एका रविवारी, भर उन्हात, झुलेवालीने आपला जुना झुल्यावरचा चमकीचा पोशाख चढवला. तो पाठीवर बसत नव्हता, तिथे तिने सरळ दोरी बांधली. ढोल नव्हता म्हणून बायांनी पत्र्याचे डबे आणले. दोन्हीकडचे रस्ते माणसांनी फुलून गेले. अलीकडे एक रांग उभी राहिली, पलीकडे एक, आणि भिंतीवरून दांडके असे सुटले, की हवालदाराने कुठल्याला अडवावं तेच त्याला कळेना.

"बंद करा! अटक करीन!"

झुलेवाली त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. चमकी उन्हात लखलखत होती.

"करा. पण मी या वर्गाची मास्तरीण आहे, तेव्हा आधी मला. आणि खेळ संपल्यावर. अर्ध्यात हात लावलात तर वरची पोरं पडतील, आणि हे सगळे आईबाप तुमच्याकडेच बघतायत."

हवालदाराने गर्दीकडे पाहिलं. सुतार करवत टेकवून उभा होता. हवालदाराने खेळ संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग खरोखरच तिला नेलं. चमकीचा पोशाख घातलेली बाई ताठ मानेने चौकीत गेली, तेव्हा भिंतीच्या दोन्ही बाजूंनी डबे वाजत होते.

दोन रात्री तिला कोठडीत ठेवलं. साहेबाने दटावलं, समजावलं, पुन्हा असं करणार नाही म्हणून कबूल करून घ्यायचा आटापिटा केला. "पुढच्या रविवारी या बघायला," एवढंच ती म्हणाली. शेवटी साहेबाने हात टेकले आणि तिला सोडून दिलं.

दुखऱ्या पाठीने ती शेडकडे आली, तर शेड रिकामी. पोरं रस्त्यावर भिंतीशी होती, आणि त्यांच्या पायथ्याशी मान वर करून सुतार.

"तुम्ही नव्हतात म्हणून मी लक्ष ठेवत होतो," तो ओशाळून म्हणाला. "पण त्या पलीकडच्या पोराचा डावा हात अगदीच कच्चा आहे हो. आमच्या हिचे दांडके वाया जातात. त्याला कुणी सांगत नाही का?"

"तुम्हीच सांगा."

सुतार घुटमळला. घसा खाकरून त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि दरडावून ओरडला, "ए पोरा! डावा हात वर धर! वर!"

पलीकडून पहिल्यांदाच बांबूचा मोठा आवाज आला. "धरलाय, काका!"

"अजून वर!" सुतार ओरडला.

झुलेवालीने पोशाखाची पाठीवरची दोरी आवळली आणि भिंतीला पाठ लावून बसलेल्या छोट्या पोरांना तिथेच रस्त्यावर पडायला शिकवू लागली.