धोंडप्पाचा ढोल थांबेना

बिरप्पाला गिरणीत लागून बरीच वर्षं झाली होती, तरी हा गडी सोलापुरात राहायला आलाय असं कधी कुणाला वाटलंच नाही. कापडाच्या साच्यावर हात चालायचा, पगार बायकोच्या हातात पडायचा, पोरगी मांडीवर खेळायची, आणि याचं चित्त कुठं? देव जाणे. गोजाबाईनं एकदा सरळच विचारलं, तर म्हणाला, आपण वाट चुकून हितं आलोय असं वाटतंय. बायकोला काय वाटलं असेल हे ऐकून! पण पुरुषाच्या जातीला एवढं कळतं कुठं.

त्याचंही अगदीच खोटं नव्हतं म्हणा. मानमोडीच्या साथीच्या तापात त्याचा अख्खा धनगरी तळ गेला होता. बाप धोंडप्पा, आई, भाऊ, सगळी भावकी मंगळवेढ्याकडच्या माळावर मेंढरं बसवून होती. बिरप्पा लोकर विकायला बाजाराला गेला आणि तिथंच तापानं पडला. उठून परत गेला तेव्हा माळावर गिधाडं होती आणि मोकाट मेंढरं. तिथून जो निघाला तो गिरणीच्या दारातच येऊन थांबला.

आणि आता या उन्हाळ्यात त्याला ढोल ऐकू यायला लागला.

संध्याकाळचा भोंगा झाला की रुळांपलीकडच्या माळाकडून यायचा. शुक्रवार पेठेतल्या खोलीत भाकरी थापता थापता गोजाबाई कान द्यायची, तिला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. शेजारच्या विणकरानं तर हसण्यावारी नेलं. पण बिरप्पानं तो ठेका ओळखला होता. मेंढरामागं गेलेलं माणूस दिवेलागणीला तळावर परतलं नाही की थोरला माणूस बिरोबाचा ढोल गळ्यात घालायचा आणि चुकलेल्याची खबर लागेपर्यंत बडवत राहायचा. हा हात धोंडप्पाचा होता.

आपली माणसं आपल्याला बोलावतायत, असं त्यानं मनाशी धरलं. मेलेल्यांचं बोलावणं म्हणजे काय, हे त्याला कळत नव्हतं थोडंच? भीती वाटायची, आणि त्याहून वाईट म्हणजे बरं वाटायचं. रोज जरा जास्त लांब जाऊन तो परत यायचा. शेवटी एका संध्याकाळी त्यानं खुंटीवरची घोंगडी खांद्यावर टाकली, तेव्हा गोजाबाई काय ते समजली. पोरीला कडेवर घेऊन ती उंबऱ्यात उभी राहिली. अडवलं नाही, रडली नाही.

"जावा," ती म्हणाली. "पर आमी कुनाची वाट बगायची, तेवडं सांगून जावा."

तो तसाच गेला.

माळावर वावटळ उठली होती. रूळ ओलांडले तसा ढोल छातीत वाजायला लागला. धूळ जरा बसली, आणि समोर तळ! मेंढरं बसलेली, पण एकही रवंथ करत नव्हतं. तीन दगडांवर भांडं होतं, खाली जाळ होता आणि धूर नव्हता. आई पाठमोरी बसली होती. एवढा वारा सुटलेला, पण तिचा पदर हलत नव्हता. मधे धोंडप्पा ढोल बडवत होता आणि त्याच्या हातांची सालटी निघाली होती. इतकी वर्षं बडवतच होता की काय कोण जाणे.

"आबा, आलो मी. मलाच बोलीवताय न्हवं?"

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. "आमी कशाला बोलीवू? तू बाजारातनं कुटं गेलास, कुटं पोचलास, कायबी कळंना. तू पोचलो म्हनल्याबिगर हात थांबंना माजा. तुज्यापायी कुनाला निजता येईना हितं."

आई पाठमोरीच बोलली. "पोचलास का रं, बाळा?"

बिरप्पाला इतके दिवस वाटत होतं की आपण चुकून मागं राहिलो आणि ही माणसं आपल्याला न्यायला आलीत. हे तर भलतंच निघालं. जाळापाशी बसायला जागा होती. खरं सांगायचं तर त्याचं एक पाऊल उचललंही होतं. पण आई काही विचारत होती, आणि आईशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. मग त्याच्या डोळ्यांपुढं गोजाबाई आली, उंबऱ्यात उभी. ती आज दार लावून घेणार नाही. उद्याही नाही. पोर मोठी होईल तरी ते दार उघडंच राहील, हे त्याला आत्ता कळलं. कळायला एवढं लांब यावं लागलं.

"पोचलो, आई," तो म्हणाला. "लई दिस झालं पोचून. सांगायचं ऱ्हायलं."

ढोल थांबला.

मागं फक्त माळ उरला आणि वारा. तो घरी आला तेव्हा गोजाबाईनं ताट वाढलं. पहिला घास तोंडाशी नेला आणि बिरप्पाला रडू फुटलं. तापाच्या साली त्यानं एक टिपूस गाळलं नव्हतं.

"गोजे," तो म्हणाला, "माजी आई मेली गं."

तिनं पोर खाली ठेवली आणि त्याचं डोकं पोटाशी धरलं.