आत्याच्या पायाचे अंगठे

आमच्या डॉक्टरबाई आनंदाने हवेत होत्या आणि मला मात्र काहीतरी खटकत होतं. मन शांत करणाऱ्या नव्या गोळीने मेंदूत कुठे रक्त वाढतं, कुठे घटतं, हे आम्ही एमआरआयवर मोजत होतो. मानेतून वर चढणाऱ्या रक्तावर चुंबकाने खूण करायची आणि ते कुठे किती पोचलं ते बघायचं; सुई नाही, टोचणं नाही. गोळीआधी एकदा, गोळीनंतर एकदा. मशीनपाशी बाई असतात, मी पलीकडच्या खोलीत चित्रं तयार करतो.

गोळीनंतरच्या प्रत्येक चित्रात डोक्याच्या मागच्या भागात लालभडक पट्टा होता, म्हणजे तिथे रक्त वाढलं होतं. उद्या बाई तो परिषदेत दाखवणार होत्या. या गोळीपायी त्यांनी कित्येक वर्षं घातली होती. पण मागचा भाग नजरेचा. मन शांत करणाऱ्या गोळीला नजरेशी काय देणंघेणं? हा किडा डोक्यातून जाईना.

माझी आत्याही तपासणीला आली होती. तिला घरी सोडत होतो.

"दुसऱ्या वेळी मजा आली रे," ती म्हणाली. "मशीनमध्ये डोळ्यांवर आरसा असतो ना, त्यात माझ्या पायाचे अंगठे दिसत होते. एवढे वाकडे आहेत, मला पत्ताच नव्हता!"

"पहिल्या वेळी नाही दिसले?"

"डोळे मिटले होते ना. बाई म्हणाल्या, निवांत पडा. गोळीने पेंग यायला लागली तेव्हा म्हणाल्या, झोपू नका आजी, डोळे उघडे ठेवा."

मी गाडी वळवली.

"अरे, माझं घर तिकडे आहे!"

बाईंनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं.

"सगळ्यांनाच तसं सांगितलंत?"

"सगळ्यांनाच. झोप लागली तर मोजमाप बिघडतं म्हणून."

त्यांनी वाद घातला नाही. कानातले आणि घड्याळ काढून आत्याच्या हातात दिलं आणि मला म्हणाल्या, "मला आत घाल. गोळी नको. आधी डोळे मिटते, मग उघडते."

मशीन धडधडलं. आत्या काचेला नाक लावून उभी होती. पडद्यावर पट्टा उमटला. तोच, तिथेच, तसाच लालभडक.

बाहेर येऊन बाईंनी पडदा पाहिला. "वा! न घेताच गुण आला," म्हणाल्या आणि हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरले. मग त्यांनी परिषदवाल्यांना फोन केला, उद्या मी बोलणार नाही.

"हा पट्टा वजा केला तर गोळीचं म्हणून काही उरेल का रे?"

"आज कसं सांगू? सगळ्यांना परत बोलवावं लागेल."

बाई आत्याकडे वळल्या. "आजी, पुन्हा याल? दोन्ही वेळा डोळे मिटून?"

"येईन की. पण मग मला काहीच दिसणार नाही."

"मला तरी काय दिसेल, कुणाला ठाऊक," बाई म्हणाल्या आणि घड्याळासाठी हात पुढे केला.