अक्रोडापलीकडचा वाफा

नऊ वर्षांनी शेफिका बोस्नियातल्या आपल्या गावी परतली तेव्हा बागेत कमरेइतकं गवत माजलं होतं. घराला मदतवाल्यांनी नवं छप्पर घालून दिलं होतं. बाकी सगळं तिचं तिलाच करायचं होतं, आणि वय झालं होतं बासष्ट. मुलगी मेलिहा स्वीडनला असायची. ती फोनवर म्हणाली, "आई, तिथे एकटी काय खाशील?"

"पेरीन ते खाईन," शेफिका म्हणाली.

लढाईच्या पहिल्याच उन्हाळ्यात मायलेकी शेवटच्या बसने निघाल्या होत्या. नवरा साचिर मागे राहिला, कारण गाय व्यायला झाली होती. "दोन दिवसांत येतो गं," म्हणाला होता. त्यानंतर त्याचा ठावठिकाणा लागला नाही.

मार्चअखेरीस बर्फ वितळून मातीला वाफसा आला, तसा कुंपणापलीकडचा रातोमीर घोडा आणि नांगर घेऊन फाटकाशी येऊन उभा राहिला. लढाईआधी साचिरचं आणि त्याचं सख्ख्या भावांसारखं होतं. पुढे त्याच्या ख्रिस्ती लोकांनी गाव घेतलं आणि तिचे मुसलमान लोक परागंदा झाले. तो मात्र आपल्या घरातच राहिला होता.

"वहिनी, नांगरून देऊ का?" त्याने विचारलं. हातात लावणीच्या बारक्या कांद्यांची पिशवी होती.

नको म्हणायचं तिच्या जिभेवर आलं होतं. पण एवढी जमीन हाताने खणणं तिच्या कंबरेला झेपलं नसतं. तिने फाटक उघडलं.

दुपारपर्यंत त्याने बाग उलथून काढली. अक्रोडाच्या झाडाशी मात्र तो आला की नांगर उचलायचा आणि घोडा मागे वळवायचा.

"पलीकडचं राहिलं की," शेफिका म्हणाली.

"अक्रोडाखाली काही येत नाही, वहिनी. उगाच बियाणं वाया."

तो गेल्यावर ती बराच वेळ तिथे उभी राहिली. अक्रोडाची सावली तिथवर पोचतही नव्हती. बटाटे तर ती आणि साचिर कायम तिथेच लावायचे. सगळ्या बागेत तितकी मऊ माती कुठे नव्हती. आणि रातोमीरला हे ठाऊक नसावं? दर शरदात बटाटे काढायला तोच तर यायचा.

तिने कांदे लावले, पालक पेरला, वाटाण्याला काठ्या रोवल्या. एप्रिलच्या मध्याला बियाण्याच्या बटाट्यांना कोंब फुटले. तिने डोळे राखून फोडी केल्या, राखेत घोळवल्या आणि फावडं घेऊन ती अक्रोडापलीकडे गेली. दोन घाव घातले असतील नसतील, तोच रातोमीर कुंपण ओलांडून धावत आला.

"थांबा वहिनी! तिथे नको!"

"का? सुरुंग आहेत?"

"नाहीत. सुरुंगवाले तपासून गेलेत."

"मग?"

त्याने डोक्यावरची टोपी काढली. धाप लागली होती. शेफिकाने फावडं हळूच बाजूला ठेवलं. तो बोलायच्या आधीच तिला कळून चुकलं होतं.

"तीन दिवस अंगणात पडून होता," रातोमीर म्हणाला. "कुणी हात लावायचा नाही असा हुकूम होता. चौथ्या दिवशी दुपारी मुसळधार पाऊस लागला, सगळे चावडीत जाऊन बसले. तेव्हा मी आलो. माती मऊ म्हणून इथे... आमच्या घरातल्या घोंगडीत गुंडाळलं. तोंड तुमच्या रीतीने वळवलं. बरोबर जमलं की नाही, देव जाणे."

"अंगात कोट होता?"

"होता. तपकिरी."

"त्याचं बटण लावून द्यायचं राहिलं होतं," ती म्हणाली. मग एकदम तिचा आवाज चढला. "नऊ वर्षं! नऊ वर्षं मी त्याचा फोटो घेऊन छावण्या, दवाखाने पालथे घातले. एक चिठ्ठी पाठवता आली नाही तुम्हाला?"

"आधी भीती होती, वहिनी. त्यांनी मलाही... आणि नंतर कुठल्या तोंडाने सांगू?"

"वहिनी म्हणू नका मला. जा घरी."

तो गेला. फोडींची टोपली तशीच ठेवून ती संध्याकाळपर्यंत त्या मातीशेजारी बसून राहिली.

दुसऱ्याच दिवशी तिने शहरातली बेपत्ता माणसांची कचेरी गाठली. आठवड्याभरात पांढऱ्या कपड्यातली माणसं आली. ती अगदी अलगद, हातातल्या छोट्या करणीने माती काढत होती. कोट निघाला, घोंगडीही निघाली. त्यांच्या साहेबांनी विचारलं, "पुरलं कोणी? साक्ष लागेल." रातोमीर आपणहून पुढे झाला आणि सगळ्या गावादेखत त्याने जे घडलं ते सांगितलं. हुकूम कोणाचा होता तेही सांगितलं. त्या दिवसापासून त्याच्याच माणसांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. दुकानात तो आला की गप्पा थांबत.

मे महिन्यात तो एका सकाळी फाटकाशी आला. ओल्या कागदात कोबीची रोपं गुंडाळून आणली होती. आत आला नाही.

"जास्तीची आहेत," म्हणाला. "नको असतील तर टाकून द्या."

शेफिकाने रोपं घेतली. मुळं ताजी, ओली होती. त्याची दाढी वाढली होती आणि एका महिन्यात तो बराच खंगला होता.

"रविवारी मेलिहा येतेय," ती म्हणाली. "ओळख पटवायला तिचं रक्त घ्यायचंय. बापाला कोणी पुरलं, ते ती विचारील."

"सांगा तिला."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. इथे, घरात येऊन, तिच्यासमोर बसून. मला सांगितलंत तसं सगळं. चिठ्ठी का नाही पाठवली, तेही."

रातोमीरने टोपी हातात फिरवली. "ती मला हाकलून देईल."

"देईलही. मी तिला अडवणार नाही."

"किती वाजता येऊ?"

"जेवण झाल्यावर या. कॉफी ठेवीन."

त्याने मान डोलावली आणि तो गेला. ऊन चढायच्या आत शेफिकाला रोपं लावायची होती. तिने पाण्याचा डबा भरून घेतला, गुडघे टेकले आणि बोटाने पहिला खड्डा केला.