इंदूची टिकटिक

आमच्या इंदूच्या छातीत टिकटिक वाजायची. लहानपणी आलेल्या सांधेतापाने तिच्या हृदयाची एक झडप आखडली होती. जिना चढताना धाप लागायची, झोपताना पाठीशी उशांची उतरंड लागायची, आणि आम्ही शहाणे म्हणायचो, जरा वजन कमी कर. शेवटी गेल्या वर्षी पुण्याला ती झडप काढून धातूची बसवली. शांत बसलं की शेजारच्यालाही आवाज ऐकू यायचा. मी चिडवायचे, "शामला आता घड्याळ नको, बायकोच वेळ सांगते."

शाम म्हणजे माझा धाकटा भाऊ शामकांत. बेलापुरात आणि आसपासच्या गावांत पूजा सांगतो. इंदू त्याची बायको. मी सुप्याला दिलेली, पण गौरींना दरवर्षी माहेरी येते.

डॉक्टरांनी इंदूला बजावलं होतं, रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवसही चुकवू नका, नाहीतर झडपेवर गुठळी धरेल. टिकटिक दबल्यासारखी वाटली किंवा धाप लागली तर तडक या. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचं तिने स्वतःहून विचारलं. गौरींच्या तोंडावर आमच्याकडच्या बायका मेडिकलमधून त्या सर्रास आणतात. डॉक्टर म्हणाले, तुम्ही अजिबात घ्यायच्या नाहीत. तिने मान डोलावली.

गेल्या वर्षी गौरी आल्या तेव्हा ती दवाखान्यात होती. यंदा तिला त्या स्वतःच्या हातांनी बसवायच्या होत्या. महिनाभर फोनवर दुसरा विषय नव्हता. आणि बसवल्याही. मुखवट्यांना नथ घालताना ती अशी फुलली होती की मीच तिची दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी नैवेद्याचा स्वयंपाक करताना ती सारखी टेकत होती. आरतीआधी शालू नेसून आली तेव्हा तिची लेक अनन्या तिला बिलगली आणि तशीच थांबली.

"आई, तुझी टिकटिक येत नाहीये."

"शालूखाली दबली असेल गं."

मी म्हटलं, "इंदू, नैवेद्य मी दाखवते. तू आधी गाडीत बस."

तिने माझ्यापुढे हात जोडले. "ताई, एवढी आरती होऊ द्या."

आरती पुरी झालीच नाही. निरांजन तिच्या हातातून पडलं.

शाम गाडी चालवत होता. इंदूला आडवं होता येईना, म्हणून मागे माझ्या खांद्याला टेकून बसली होती. तुटक तुटक माझ्या कानात बोलली, "ताई, यांना सांगू नका. रक्त जायचं थांबतच नव्हतं. गौरी तोंडावर आलेल्या. ती पातळ करायची गोळी बंद केली, मग थांबलं."

ढकलायची गोळी घेऊ नको म्हटलं, ती तिने इमानाने घेतली नाही. आणि जिच्यावर जीव तगून होता, ती सोडून दिली. मला तिचा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की मी तिला नुसती घट्ट धरून बसले.

झडप गुठळीने अडकली होती. ऑपरेशनला नेता नेता ती गेली.

कार्य उरकल्यावर मी शामला सांगितलं. मला ते एकटीला पेलवेना. तो कपाळ बडवून घ्यायला लागला.

"एका शब्दाने विचारलं असतं मला! म्हटलं असतं, तशीच बसव. गौराईला लेकराचा कसला विटाळ?"

"म्हणाला असतास, शाम?"

हाच माझा भाऊ दारोदारी पूजेला बसण्याआधी विचारत आलाय, घरात कुणाला अडचण नाही ना? असेल तर तिला बाजूला बसवा. इंदूने हे संसारभर ऐकलं होतं.

त्याचा कपाळावरचा हात खाली आला. अनन्या दाराशी उभी होती. घरात इतकं शांत झालं, की इंदू असती तर ऐकू आली असती.