शेपटीचा स्वार

आमची फौज इराकहून शाम मुलखाकडे, म्हणजे सीरियाकडे निघाली तेव्हा शेपटीचं काम माझ्याकडे होतं. सगळ्यांच्या मागे, हाक पोहोचणार नाही इतक्या अंतरावर उंट चालवायचा. कुणाची पखाल पडली तर उचलायची, कुणी थकून बसलं तर त्याला उंटावर घ्यायचं. सरदार हरमलांचा नियम साधा होता: सूर्यास्ताला शेपटीचा उंट तळावर आला की मागे कुणी नाही असं समजायचं आणि पहाटेआधी कूच करायचं. शत्रूला बातमी लागण्याआधी आम्हाला पोहोचायचं होतं.

तिसऱ्या दिवशी तापाने फणफणलेला एक तिरंदाज मी आधीच उंटावर घेतला होता, तेवढ्यात बाभळीखाली लकीत दिसला. आमच्याच तंबूतला. पाय सुजून भोपळा झालेला.

"काय रे, वरातीला आलायस का सावलीत बसायला?"

"नवरदेवाचीच वाट बघत होतो, सुवैद. उशीर केलास."

उंटावर तिघं मावत नव्हते. लगाम धरून चालत गेलो असतो तर उंट सूर्यास्ताला पोहोचला नसता आणि सगळी फौज माझ्यासाठी खोळंबली असती. मी लकीतला वर चढवलं.

"अन् तू?"

"येतो पायी. तिथे सांग, मी मागे आहे म्हणून."

"सांगतो. तुझ्या वाटणीचं सातूचं पीठही राखतो, मीच गिळलं नाही तर."

उंट दौडत गेला. संध्याकाळच्या नमाजाला मी उभा राहिलो, एकट्याचीच रांग.

रात्रभर चालून उजाडता तळ गाठला, तर तिथे नुसती राख आणि लीद. उंट पोहोचला म्हणून सगळे निघून गेले होते. लकीतने सांगितलं कसं नाही? मी जोरात हाक मारली. माझाच आवाज मला परका वाटला. पखालीत चार घोट उरले होते. सगळ्यांना मी उचलायचो. माझ्या मागे मात्र कुणीच नव्हतं.

खुरांच्या मागावर दिवसभर चालत राहिलो. घोड्यांना पाणी पाजायला फौज एका विहिरीवर थांबली होती, म्हणून गाठता आली. लकीत उंटावरून उतरताच बेशुद्ध पडला होता, तो अजून उठला नव्हता; तिरंदाज तर तापात बरळत होता.

मला वाटलं, उंट दुसऱ्याच्या हाती दिला म्हणून आता फटके बसणार. सरदारांनी आधी पाणी दिलं.

"तुझ्या मागे कोण राहिलं होतं?"

"कुणी नाही."

"आणि तू राहिलास, ते बघायला कोण होतं?"

 त्यांनी पखाल पुन्हा माझ्यापुढे केली.

दुसऱ्या दिवसापासून शेपटीला दोन स्वार झाले. माझा जोडीदार फार बडबड्या निघाला. मी त्याला कधी गप्प केलं नाही.