अल्बाचा राखणदार

मी बोलतेय ती एक बोट आहे. माझं नाव 'अल्बा'. बहारीनच्या किनाऱ्यावर सित्रा बेटाच्या बाजूला उथळ पाण्यात मी चिखलात रुतून एका अंगावर कलंडले आहे. भरतीला पाणी कमरेपर्यंत येतं, ओहोटीला चिखल उघडा पडतो. इथं येऊन दोन उन्हाळे झाले. एवढ्या काळात माझ्या लोखंडाला माणसाचा हात लागला नाही. म्हणून म्हटलं, आज बोलून घ्यावं.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका थंड देशातला. तिथं मी बेटाबेटांवरून टपाल न्यायची, मेंढरं न्यायची, शाळेची मुलं न्यायची. धुक्यात भोंगा वाजवला की धक्क्यावर दिवा हलायचा. पुढे तिथं पूल झाले आणि मी जुनी ठरले. मला विकून टाकलं.

नव्या मालकांनी मला पांढरा रंग दिला. पोटातलं मालाचं कोठार रिकामं करून तिथं खुर्च्यांच्या रांगा मांडल्या, समोर पांढरा पडदा लावला. मागच्या डेकवर चार रबरी होड्या बांधल्या. मग माझं नवं आयुष्य सुरू झालं. दर हिवाळ्यात मी तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाला जायची. ज्वालामुखीतून वर आलेली तिथली बेटं आणि त्यांवरचे प्राणीपक्षी माणसांना दाखवायची. माझ्यावर नाचगाणी नव्हती. सकाळी बेट, दुपारी व्याख्यान. एक प्राध्यापक दगडांविषयी बोलायचे, एक बाई पक्ष्यांविषयी.

प्रवासी म्हणजे निवृत्त शिक्षक, डॉक्टर, थोडे विद्यार्थी. त्यांची एक गंमत मी नेहमी बघायची. पक्षी बघायला ही माणसं हजारो मैल यायची, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाचं नाव शेवटच्या दिवशी विचारायची. पण काळ्या राखेचा तो सुळका पहाटे समोर आला की सगळे कठड्यापाशी उभे राहायचे. चहा निवून जायचा तरी कुणी न्याहारीला उतरायचं नाही. त्या वेळी मला माझा फार अभिमान वाटायचा.

माझ्यावरचा इलेक्ट्रिशियन होता खंडू. मंडणगड तालुक्यातला. मुंबईच्या गोदीत काम शिकून तो माझ्यावर आला होता. जनरेटर, पंप, दिवे सगळं त्याच्याकडे. व्याख्यानाच्या वेळी स्लाइडचं यंत्र चालवायचं कामही त्याचंच. अंधारात शेवटच्या रांगेमागे उभा राहून तो एकेक चित्र पुढे सरकवायचा, आणि तेच व्याख्यान दर फेरीला नव्याने ऐकायचा. बेटावर मात्र तो कधी उतरला नाही. रबरी होड्यांत जागा प्रवाशांपुरती असायची. "पुढच्या फेरीला नक्की," असं पक्ष्यांच्या बाई म्हणायच्या. त्यांना ते खरंच करायचं होतं, पण दर वेळी कुठला ना कुठला दिवा बिघडायचा.

मग त्या बेटांवरून दोन देशांत भांडण पेटलं. परवाने बंद झाले, फेऱ्या रद्द झाल्या. तेवढ्यात माझं इंजिनही दुखायला लागलं होतं, म्हणून मला दुरुस्तीला बहारीनला आणलं. दुरुस्ती सुरू व्हायच्या आधीच मालकांचे फोन बंद झाले. त्यांची कंपनी बुडाली असं कळलं. मला बंदराबाहेर नांगरून ठेवलं आणि माणसं एकेक करून घरी गेली.

पण नांगरलेली बोट रिकामी सोडता येत नाही. एक माणूस हवाच, असा बंदराचा नियम. शिवाय माझ्या मागच्या बाजूला, पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या दांड्यापाशी, पाणी झिरपत होतं. रोज पंप लावला नाही तर मी हळूहळू बुडाले असते. कप्तान खंडूला म्हणाले, "दोन महिने थांब. बदली माणूस पाठवतो."

खंडू थांबला. कप्तान गेले, बदली माणूस आलाच नाही.

त्या दिवसांत मला मराठी आली. आधी मी बऱ्याच भाषा ऐकल्या होत्या, पण त्या माणसं एकमेकांशी बोलायची. ही भाषा कुणी थेट माझ्याशी बोलत होतं. "आज लई गळतंय गं तुझं," असं म्हणत खंडू पंप सुरू करायचा. "थांब, गंज काढतो." स्वयंपाकघरात एवढी मोठी भांडी, त्यात तो मूठभर तांदूळ शिजवायचा. पलीकडे मनामाच्या इमारती दिसायच्या, मोटारी चमकताना दिसायच्या, वारा तिकडून असला की बांग ऐकू यायची. सगळं इतकं जवळ, आणि त्याला तिथं पाऊल ठेवायची परवानगी नाही. संध्याकाळी डेकवरच्या खुर्चीत बसून तो त्या शहराकडे बघायचा. कधीकधी इंग्रजीत स्वतःशीच म्हणायचा, "लेडीज अँड जंटलमेन, ऑन युवर राइट..." आणि तिथंच थांबायचा.

दर गुरुवारी महमूद नावाच्या म्हाताऱ्या बहारिनी नाखव्याची लाँच पाणी आणि सामान घेऊन यायची. सोबत असायचा इक्बाल. हा रत्नागिरीचा, मनामात जहाजांना सामान पुरवणाऱ्या दुकानात कारकून. सामान कुणीही चढवलं असतं, पण इक्बाल मुद्दाम स्वतः यायचा.

"खंडूभाई, कसा हायस?"

"हाय."

"नुसता हाय? अरे, बोल की काहीतरी. गुरुवारचाच एक दिवस मिळतो तुला."

खंडू हसायचा. पण बोलायची सवय सुटत चालली होती. इक्बालला ते दिसत होतं, मलाही.

एका गुरुवारी लाँचमध्ये तिसरं माणूस होतं. हिरव्या साडीतली एक बाई दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून बसली होती. तोंड पांढरं पडलेलं, पण नजर वर, माझ्या कठड्यावर.

खंडूच्या हातातला दोर सुटला.

"पुष्पा?"

ती त्याची बायको, पुष्पलता. तिचा मावसभाऊ विलास मनामातल्या माहूज भागात राहायचा, एका ऑफिसात काम करायचा. त्याला सांगून तिने व्हिजिट व्हिसा काढला होता आणि एकटीने विमानात बसून आली होती. समुद्र तिने याआधी फक्त किनाऱ्यावरून पाहिला होता.

"तुमचा आवाज ऐकून वरीस झालं," ती खालूनच म्हणाली. "म्हटलं, जिता हाय का नाय, बघून तरी यावं."

 खंडूने शिडी सोडली, आणि मग अर्ध्यावरच धरून ठेवली. "बोटीवर चढायचा पास नाय तुझ्याकडं. वर नाय येता येणार. पकडलं तर ह्या दोघांचं काम जाईल."

लाँच लाटेवर वरखाली होत होती. नवरा वर, बायको खाली, मध्ये पाच-सहा पायऱ्या. इक्बाल दुसरीकडे बघत होता. महमूदने दोघांकडे पाहिलं, दाढी खाजवली आणि लाँचचं इंजिन बंद केलं.

"मकिना खराब," तो हिंदी-अरबी मिसळून म्हणाला. "खलास. एक घंटा लगेगा." आणि आमच्याकडे पाठ करून त्याने तंबाखूची डबी उघडली.

पुष्पलता वर आली. ती शिडी चढत असताना मी जमेल तेवढी स्थिर राहिले. बोटीच्या हातात याहून जास्त काही नसतं.

तिने मला सगळी हिंडून पाहिली. त्याची अरुंद खोली पाहिली, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहून हात जोडले. स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्याच्या तळाला चिकटलेला भात पाहिला. खुर्च्यांच्या खोलीत आल्यावर म्हणाली, "आन हे काय? शिनेमा?"

खंडूचे डोळे एकदम बदलले. "बस. पुढच्या रांगेत बस."

त्याने जनरेटर लावला. डिझेल संपत आलं होतं, पंपासाठी तो ते जपून वापरत होता. त्या दिवशी जपलं नाही. दिवे मालवले, यंत्र सुरू केलं, आणि माझ्या पोटात पुन्हा ते काळं बेट उभं राहिलं.

"हा डोंगर पाण्याखालून वर आलाय," खंडू सांगू लागला. या वेळी तो मागे उभा नव्हता, पडद्याशेजारी उभा होता. "आत आग व्हती. ती फुटून बाहेर आली आन थंड झाली, तिचा हा डोंगर. काय उगवत नाय इथं. तरी हे पक्षी बघ, ह्यांना बूबी म्हणत्यात. राखेवर अंडी घालत्यात. ऊन लागू नये म्हणून आई दिवसभर पंख पसरून उभी राहती."

"आन बाप?"

"तो मासे आणायला जातो. मग तो उभा राहतो, ती जाती."

 पुष्पलताने विचारलं, "तुमी गेलाव त्या डोंगरावर?"

"नाय. कधीच नाय."

"मंग मी बघितलं तेवढंच तुमीबी बघितलंत."

तो हसला. माझ्यावर एकटा राहायला लागल्यापासून त्याला मोठ्याने हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. पण तो हसता हसता खुर्चीवर बसला आणि त्याने तोंड ओंजळीत झाकलं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"घरी चला," ती म्हणाली.

"मी सोडली तर ही बुडेल."

"बुडू दे. तुमची हाय का ती?"

"माझी नाय. पण माझ्याशिवाय कुणी नाय तिला."

"मलाबी कुणी नाय," पुष्पलता म्हणाली. आवाज चढवला नाही तिने.

खाली महमूदने इंजिन सुरू केल्याचा आवाज आला.

यानंतर जे झालं ते मी इक्बालच्या तोंडून ऐकलं. मनामातल्या ज्या एजंटाकडे माझे कागद होते, त्याच्या ऑफिसात पुष्पलता रोज जाऊन बसू लागली. सकाळी विलास तिला सोडायचा. तिला ना इंग्रजी येत होतं, ना अरबी. नवऱ्याचं नाव घ्यायची आणि खुर्चीत बसून राहायची. साहेब मागच्या दाराने जायला लागले. शेवटी तिथल्या टायपिस्ट आबिदाला राहवेना. ही रायगडकडची, पुष्पलताचं बोलणं तिला समजत होतं. तिने नियमांची चौकशी केली आणि एक वाट काढली. नांगरलेल्या बोटीवर माणूस लागतो. चिखलात चढवलेल्या बोटीवर लागत नाही.

इक्बालने हे सांगितलं तेव्हा खंडू इंजिनखोलीत उभा होता. त्याचा हात माझ्या पंपावर होता.

"म्हणजे परत ती तरंगणार नाय," तो म्हणाला.

"नाय. पण तू घरी जाशील. इंशाल्ला, ह्या महिन्यातच."

 मला सगळं ऐकू येत होतं आणि मला काही सांगता येत नव्हतं. सांगता आलं असतं तर काय सांगितलं असतं, तेही मला आज धड ठरवता येत नाही. त्याने जावं असं वाटत होतं. त्याने थांबावं असंही वाटत होतं.

"चालंल," तो म्हणाला. "पण मी सोताच्या हातानं बंद करीन. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

मोठ्या भरतीच्या सकाळी जहाजं ओढणारा टग आला. खंडूने नांगर उचलला. टगने मला मागून ढकलत उथळ पाण्याकडे नेलं. आयुष्यभर मी ज्याला घाबरून दूर राहिले, तो तळ माझ्या पोटाला घासला. मी थरथरले, एका बाजूला कलले आणि थांबले. टगवरून "यल्ला, यल्ला!" अशा घाईच्या हाका सुरू झाल्या.

खंडूला घाई नव्हती. त्याने सगळ्या झडपा आवळून बंद केल्या. खुर्च्यांच्या खोलीत जाऊन पडदा गुंडाळून ठेवला. शेवटी जनरेटर बंद केला, आणि माझ्या आत इतकी शांतता झाली की त्याचा श्वास मला ऐकू आला. शिडीपाशी येऊन त्याने कठड्यावर हात ठेवला. घरातून निघताना त्याच्याकडे 'येतो' म्हणतात. तो "येतो" म्हणायला गेला, मध्येच थांबला, आणि म्हणाला, "जातो गं."

टगवर पुष्पलता नव्हती, ती विमानतळावर वाट बघत होती. तो टगच्या टोकाला उभा राहून माझ्याकडे बघत दूर गेला. माझ्याकडे हलवायला हात नव्हता.

आता माझा रंग उडाला आहे. हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, चिखलात चोच घालून ओळीने चालतात. पाणकावळे कठड्यावर पंख वाळवत बसतात. पूर्वी त्यांची नावं सांगायला माझ्यावर माणसं होती. आता ते येतात, मी बघते, आणि ते उडून जातात. उन्हाळ्यात पत्रा इतका तापतो की पक्षीही टेकत नाहीत. दूर रस्त्यावरून मोटारी जातात. क्वचित एखादी थांबते, कुणी खाली उतरून फोटो काढतं आणि परत जातं.

तुम्ही हे ऐकलंत, हेच खूप झालं. एकच मागणं आहे. कधी मंडणगडकडे गेलात आणि खंडू भेटला, तर तो माझी चौकशी करील. पाणी किती आलं, गंज कुठवर चढला, सगळं खोदून विचारील. त्याला यातलं काही सांगू नका. बोट विकली गेली म्हणावं. नवा मालक मिळाला, इंजिन दुरुस्त झालं, परत कुठल्यातरी बेटांकडे गेली म्हणावं. तो फार विचारायला लागला तर सांगा, तुम्ही स्वतः तिला जाताना पाहिलंत.