वार्सोनोचं चोरबटण

जावा बेटावरच्या क्लातेनच्या बाजाररस्त्यावर पाक वार्सोनोचं, म्हणजे वार्सोनोरावाचं, गॅरेज म्हणजे दोन दुकानांमधली सहा फुटी फट. पाटी मात्र बारा फुटी, दोन्ही शेजाऱ्यांच्या अंगावर गेलेली. 'चोरबटण बसवून मिळेल. कुणालाही सापडणार नाही.'

चोरबटण म्हणजे मोटारसायकलमध्ये कुठेतरी दडवलेलं एक बारकं बटण. ते बंद असलं की चावी फिरवा, दिवे लावा, हॉर्न वाजवा, इंजिन काही पेटायचं नाही. बटण कुठे दडवलंय ते वार्सोनो मालकाच्या कानात सांगायचा, तेही एकदाच. लिहून कधीच ठेवायचा नाही. "वहीच चोरीला गेली तर?" असं विचारायचा आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. एवढ्या एका वाक्यावर त्याचं नाव गावभर झालं होतं.

त्या मंगळवारी सकाळी बू मुर्तिनी, म्हणजे मुर्तिनीबाई, गाडी ढकलत आल्या. त्या घरोघर जामू विकायच्या, म्हणजे हळद-आल्याचे काढे. नवरा पाक पार्मिन जाऊन चाळीस दिवस झालेले. चाळिसाव्याचं जेवण काल उरकलं, आज धंदा सुरू करायचा म्हणून बाटल्या भरून बाई निघाल्या, तर गाडी ढिम्म.

"बघा हो पाक. चाळीस दिवस कुणी हात लावला नाही तिला."

"एवढंच ना? बॅटरी बसली असेल. चहा घ्या तोवर."

बॅटरी बसलीच होती. वार्सोनोने भरलेली बॅटरी लावली, स्टार्टर दाबला. खर्र खर्र फिरला, पण इंजिन काही धरेना. फ्यूज पाहिला, धडधाकट. प्लग काढला, इंजिनला टेकवून पुन्हा स्टार्टर मारला. ठिणगी नाही. नवा प्लग, ठिणगी नाही. दुसऱ्या गाडीची कॉइल लावून पाहिली, तरी नाही. मग त्याचं लक्ष टाकीखालच्या तारांकडे गेलं. त्यांवर काळी टेप गुंडाळलेली होती, उलट्या पिळाची. असा पीळ अख्ख्या क्लातेनमध्ये एकच माणूस द्यायचा.

नऊ वर्षांपूर्वी वार्सोनोनेच पार्मिनला चोरबटण बसवून दिलं होतं. कुठे, ते पार्मिनच्या कानात सांगून स्वतः विसरून गेला होता. आणि तो कान आता मातीखाली होता.

"बू," त्याने आवाज उतरवला, "पार्मिनभाऊ तुम्हाला काही म्हणाले होते का? बटणाबिटणाचं?"

"ते मला पगार सांगायचे नाहीत, बटण काय सांगतील?"

समोरच्या टपरीवर सुगेंग टेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळत होता. हा सुगेंग एकेकाळचा नावाजलेला गाडीचोर. चार वर्षं आत काढून आला आणि आता भजी तळून पोट भरतो. गावाने त्याला माफ केलं होतं, कारण टेंपे कुरकुरीत करायचा. त्याने झारा बाजूला ठेवला आणि बाकडं ओढून गॅरेजच्या तोंडाशीच बसला. त्याच्यामागे आणखी सात-आठ जण जमले.

"काय पाक, सापडेना?"

"काय सापडायचंय? कॉइल बघतोय."

"कॉइल तीनदा बघितलीस."

आता वार्सोनोची पंचाईत बघा. हातात टेस्टर घेऊन टेपमागून टेप सोडवत गेला, तर तासाभरात बटण सापडणार. पण सापडलं तर सात-आठ लोकांच्या देखत सापडणार, आणि पाटीवर लिहिलंय 'कुणालाही सापडणार नाही.' बरं, नाही सापडलं तर बाईचा धंदा बुडतो आणि हा मिस्त्री कसला म्हणून लोक हसतात. सापडलं तरी नाव जाणार, नाही सापडलं तरी जाणार. म्हणून तो गंभीर चेहऱ्याने ज्यात काही बिघडलेलंच नव्हतं ते सगळं दुरुस्त करत बसला. हॉर्न साफ केला. आरसा घट्ट केला. मागच्या दिव्याचा बल्ब बदलला.

"आरशाने ठिणगी येते होय?" सुगेंग म्हणाला.

"तुला फार कळतं. चार वर्षं आत बसून शिकलास वाटतं."

"आत बसलो ते शिकून झाल्यावर."

लोक खिदळले. दहा वाजत आले. बू मुर्तिनींच्या बाटल्या उन्हात तापायला लागल्या. बाई उठल्या, गाडीपाशी आल्या आणि तिच्याशीच बोलल्यासारखं बोलल्या. "बरोबर आहे तुझं. तुला मालकाची सवय. रोज निघताना बुडावर थाप मारायचे तुझ्या, आल्यावरही मारायचे. मला कधी नऊ वर्षांत अशी थाप मिळाली नाही." आणि चिडून त्यांनी सीटच्या डाव्या कडेला, मागच्या बाजूला, फाडकन एक लगावली.

आतून 'टक' असा बारीक आवाज आला.

वार्सोनोला एकदम आठवलं. सीटच्या फोममध्ये. कव्हर त्याने स्वतः शिवलं होतं. तो पुढे झाला, स्टार्टर दाबला, आणि गाडी पहिल्या झटक्यात धडधडली.

मुर्तिनी हात तसाच धरून उभ्या.

"म्हणजे तो लाड नव्हता?" त्या हळूच म्हणाल्या.

"लाडही असेल," वार्सोनो म्हणाला. मग सवयीने तो गर्दीकडे वळला. "बघितलंत? नऊ वर्षं. बायकोला कळलं नाही, मला सापडलं नाही. याला म्हणतात बटण."

"मला माहीत होतं," सुगेंग म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"टपरीवरून दिवसभर दुसरं काय दिसतं? पार्मिन थाप मारायचा. शाळेतले गुरुजी टाकीखाली खाजवतात. तो पोस्टवाला चपलेची धूळ झटकल्यासारखं करतो, त्याचं पायदानाच्या रबरात. पाक, तुझी सगळी बटणं मला पाठ आहेत."

"आणि सकाळपासून तोंड शिवून बसलास?"

"चोरी सोडली ना मी. आता अशा गोष्टीत तोंड घालत नाही."

दुसऱ्या दिवशी गॅरेजपुढे अकरा गाड्या उभ्या होत्या. गुरुजी होते, पोस्टवाला होता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. वार्सोनोने सगळ्यांची बटणं हलवली, एकेकाच्या कानात नवी जागा सांगितली आणि वर दुसरं वाक्य जोडलं: "दाबताना चार ठिकाणी उगाच हात लावायचा." इतकं काम त्याला वर्षभरात मिळालं नव्हतं. फक्त मुर्तिनींनी ऐकलं नाही. "माझं आहे तिथेच राहू दे," म्हणाल्या.

तेव्हापासून बाजारात गाडी काढणं म्हणजे तमाशा. गुरुजी आरसा कुरवाळतात, टाकीला टिचक्या मारतात, चाकाला नमस्कार करतात. पोस्टवाला तर गाडीला प्रदक्षिणा घालतो. आणि बू मुर्तिनी येतात, एक थाप मारतात आणि भुर्रकन निघून जातात.

वार्सोनो खुशीत येऊन टपरीवर गेला. "आता ओळख बघू, चोरा."

सुगेंगने टेंपे उलटले. "सोपं आहे. खोट्या जागी हात लावताना तुझी गिऱ्हाइकं बोटांकडे बघतात. खऱ्या जागी लावताना माझ्याकडे बघतात."